सांबिकी मासे आणि पाटाचं पाणी

मी जपानी शिकवते. सदाशिव पेठेत घराच्या पुढच्या खोलीत, सकाळची एक तुकडी आणि संध्याकाळची एक, तुकडीत बारा-चौदा जण. नव्या तुकडीचे अंक शिकवून झाले, की पुढच्या शनिवारी सकाळी साडेसहाला सगळ्यांना सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यानाच्या फाटकापाशी बोलावते. बागेचं पूर्ण नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. लोक येतात, पुलावर फोटो काढतात, 'जपानी बाग आहे, छान आहे' म्हणतात आणि जातात. ही बाग याहून पुष्कळ जास्त आहे. मला ती पुण्यातल्या सगळ्या बागांहून प्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मासे. जपानीत नुसतं एक, दोन, तीन येऊन भागत नाही. काय मोजताय त्यावर अंकाची शेपटी बदलते. छत्री किंवा पेन्सिल असेल तर 'होन', कागद किंवा ताट असेल तर 'माई', लहान जनावर असेल तर 'हिकी'. त्यातही उच्चार सरळ राहत नाही: इप्पिकी, निहिकी, सांबिकी. वर्गात फळ्यावर हे दहा वेळा लिहून दिलं तरी मुलं 'सानहिकी'च म्हणतात. बागेतल्या पुलावर उभं करून खालचे लाल-पांढरे मासे मोजायला लावले, की अर्ध्या तासात जीभ वळते. मासे एका जागी थांबत नाहीत, त्यामुळे मोजणी दर वेळी चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते. तेच मला हवं असतं. शेजारून फेरी मारणारे आजोबा-आजी थांबून ऐकतात. एकदा एका आजींनी नातवाला 'गोहिकी' म्हणायला शिकवलं आणि पुढच्या शनिवारी त्याला घेऊन पुन्हा आल्या.

अशाच एका सकाळी माझ्या तुकडीत दौंड तालुक्यातला एक मुलगा होता. डिप्लोमा झालेला, पहाटेच्या एसटीने येणारा. बाकीचे मासे मोजत होते आणि हा वाहत्या पाण्याकडे टक लावून. मी म्हटलं, काय बघतोस रे? तर म्हणाला, "बाई, हे मोटरीचं पाणी नाही. पाटाचं आहे. आमच्याकडे आवर्तन सुटलं की हेच येतं."

त्याचं बरोबर होतं. या बागेला शेजारून जाणाऱ्या मुठा कालव्याचं पाणी मिळतं. खडकवासल्याहून निघालेला हा कालवा पुणं ओलांडून हवेली, दौंड, इंदापूरच्या उसापर्यंत जातो. इतकी वर्षं मी बागेत जपानी शिकवत होते आणि पाणी कुठून येतं हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. त्या दिवसापासून मी बाग वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले, आणि मूळ बाग पुन्हा एकदा नीट बघायची असं ठरवलं.

मूळ बाग, जिच्यावरून पुण्याची बेतली, ती म्हणजे ओकायामा शहरातलं कोराकुएन. जपानमधल्या तीन नामांकित बागांपैकी एक. बाकीच्या दोन कानाझावा आणि मितो इथे. 1687 मध्ये काम सुरू झालं, 1700 मध्ये संपलं. म्हणजे इकडे संभाजीराजांच्या काळात पहिली कुदळ पडली आणि राजारामांच्या मृत्यूच्या वर्षी बाग पुरी झाली. मी पहिल्यांदा 2013 मध्ये गेले, तीही ओसाकाहून निघालेल्या एका सहलीच्या बसने. त्या कंपनीने आम्हाला कोराकुएनला बरोब्बर चाळीस मिनिटं दिली, त्यातली दहा प्रसाधनगृहाच्या रांगेत गेली. तेरा हेक्टरांची बाग अर्ध्या तासात बघणं म्हणजे पंगतीत बसून नुसतं मीठ चाखून उठणं. तुम्ही जाणार असाल तर बसच्या नादी लागू नका. शिन-ओसाकाहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासात ओकायामा येतं. स्टेशनबाहेर मोमोतारोचा पुतळा आहे, लोककथेत पीचच्या फळातून जन्मलेल्या मुलाचा. तिथूनच ट्राम निघते. शिरोशिता थांब्यावर उतरून दहा मिनिटं चाललं की आसाही नदी, अलीकडे काळा किल्ला आणि पलीकडे बाग.

2019 च्या जूनमध्ये मी एकटी गेले आणि दोन दिवस राहिले. बागेत कोणती गोष्ट बघू म्हणून एका जपानी मैत्रिणीला विचारलं होतं. ती म्हणाली, र्‍यूतेनमध्ये जाऊन बस. र्‍यूतेन म्हणजे लाकडी खांबांवर उभी चारी बाजूंनी मोकळी ओसरी, आणि तिच्या मधोमध, जमिनीतूनच, एक पाट वाहतो. आपल्याकडे वाड्याच्या चौकात तुळशीवृंदावन असतं तसा इथे घराच्या पोटात ओढा. त्यात सहा रंगीत दगड बसवलेले आहेत. 29 जून 1945 च्या बॉम्बहल्ल्यात किल्ला जळाला आणि बागेतल्या बहुतेक इमारती गेल्या. र्‍यूतेन वाचलं. मी तिथे चप्पल काढून पाय पोटाशी घेऊन बसले. पाणी दगडापाशी येतं, दुभंगतं, पुढे पुन्हा एक होतं. समोर दोन शाळकरी मुली बसल्या होत्या, त्या एकमेकींशी कुजबुजत होत्या, कारण मोठ्याने बोललं की पाण्याचा आवाज बुजतो.

आणि तिथे भात आहे! राजाच्या बागेत, मखमली हिरवळीच्या आणि चहाच्या मळ्याच्या जोडीला, भाताची खाचरं. जूनमध्ये तिथे लावणीचा सोहळा होतो, टोपल्यासारख्या टोप्या घातलेल्या बायका ओळीने वाकून रोपं लावतात. मावळातल्या आवणीची मला इतकी आठवण झाली, की गुडघाभर चिखलात उतरावंसं वाटलं. मुळशी-मावळकडच्या कुणीही हे दृश्य बघितलं तर परकं वाटणार नाही. आपल्या पुण्याच्या बागेत हे सगळं नाही, आणि दहा एकरांत ते बसवायचा हट्टही बरा नाही. तळं, पूल, धबधबा, उंचवटा, वळणाची वाट, यांची एकमेकांशी असलेली नाती मात्र इथे पकडली आहेत. एका जागी उभं राहिलं की अर्धी बाग दिसते आणि चार पावलं टाकली की ती निराळी होते. कोराकुएनही चालत चालत बघायची बाग आहे. म्हणून माझा आग्रह असतो: पुण्याच्या बागेत बसू नका, आधी एक पूर्ण फेरी मारा. मग त्या उंचवट्यावर या. सकाळी सातच्या आसपास तळ्यावरची उन्हं तिरपी असतात, तेव्हा.

बाग ज्याने आखली त्याचं नाव त्सुदा नागातादा. राजा होता इकेदा त्सुनामासा आणि हा त्याच्या पदरचा अधिकारी. माझ्या मते तुम्ही हे एक नाव लक्षात ठेवलं तरी पुरे. कारण हा माणूस नुसता बागवाला नव्हता. आसाही नदीच्या पुरापासून ओकायामा वाचावं म्हणून जादा पाणी वळवणारा कालवा, ह्याक्केनगावा, त्याच्याच हातचा. समुद्र हटवून भातासाठी जमीन काढली तीही त्यानेच. आणि शिझुतानीची शाळा बांधली, तीही त्याने. ती 1670 मध्ये सुरू झाली, सामान्य रयतेच्या मुलांसाठी. सरदारांची मुलं शिकत होतीच, शेतकऱ्यांच्या मुलांना दार उघडलं हे विशेष. म्हणजे एका माणसाच्या हातून पुराचा बंदोबस्त, पिकाची जमीन, शाळा, आणि बागही.

कोराकुएन हे नाव नंतरचं, 1871 सालचं. को म्हणजे नंतर, राकु म्हणजे सुख, एन म्हणजे बाग. रयतेच्या आधी काळजी करावी आणि रयतेच्या नंतर सुख भोगावं, असं राज्यकर्त्याला सांगणारं एक जुनं चिनी वचन आहे, त्यातून ते आलंय. मी मुलांना हे तीन शब्द फळ्यावर लिहून देते तेव्हा वर्ग शांत होतो.

आता 'भगिनी शहर', म्हणजे दुसऱ्या देशातल्या शहराशी रीतसर नातं जोडलेलं शहर, या शब्दाबद्दल, कारण भाषेची बाई असल्याने मला तो सोडवत नाही. जपानीत त्याला शिमाई-तोशी म्हणतात. शिमाई लिहिताना दोन चिन्हं लागतात, एक थोरल्या बहिणीचं आणि एक धाकटीचं. नुसती 'बहीण', थोरली ना धाकटी, अशी जपानीत लिहिताच येत नाही. मग दोन शहरांत ताई कोण? चीनमधल्या शहरांशी जपान्यांनी हे नातं जोडलं तेव्हा म्हणूनच 'बहीण' टाळून 'मैत्री' शब्द घेतला. आपल्या बागेच्या नावातही मैत्रीच आहे, आणि मला तेच जास्त आवडतं.

ओकायामाची एक खरीखुरी बहीण मात्र आहे, आणि ती पुण्याचीही बहीण आहे. अमेरिकेतलं सॅन होजे. ओकायामाशी तिचं नातं 1957 पासूनचं, म्हणजे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लोकांनी लोकांशी थेट नाती जोडावीत अशी चळवळ सुरू केली त्याच्या पुढच्याच वर्षीचं. पुण्याशी 1992 पासून. माझा भाऊ सॅन होजेजवळ राहतो, 2016 च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेले होते. त्याने मला मॉल दाखवायचे बेत केले होते, मी म्हटलं, आधी केली पार्कला चल. कारण तिथेही कोराकुएनवरून बेतलेली बाग आहे, 1965 मध्ये सुरू झालेली. पुढच्या वर्षी ओकायामाने त्या तळ्यासाठी कोई मासे पाठवले. मी त्या पुलावर उभी राहून सवयीने मोजायला लागले, इप्पिकी, निहिकी, आणि भाऊ म्हणाला, अगं तू सुट्टीवर आहेस. पण माझ्या अंगावर काटा आला होता. तीन देशांत न मावणारी गोष्ट, तीन तळ्यांत मावलेली.

पुढच्या फेब्रुवारीत तिथल्या कोयोटी क्रीक या ओढ्याला पूर आला आणि ती बाग पाण्याखाली गेली. भावाने फोटो पाठवले, पुलाचे नुसते कठडे वर. कोराकुएनही 1934 च्या पुरात बुडालं होतं, आणि नंतर एदो काळातली, म्हणजे बाग बांधली त्या काळातली, चित्रं आणि नकाशे समोर ठेवून पूर्वीसारखं उभं केलं गेलं. आणि आपण? 27 सप्टेंबर 2018 ला मुठा कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसलं. भांडी, गाद्या, मुलांची दप्तरं वाहून गेली. त्याच वर्षी जुलैत ओकायामा प्रांतात कुराशिकीचा माबी भाग पुरात बुडाला होता. एकाच वर्षात दोन्हीकडच्या माणसांनी घरातला चिखल उपसला. मैत्रीच्या भाषणांत हे आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पूर कसा अडवायचा, कालव्याच्या कडेला माणसं राहतात त्यांचं काय करायचं, धरणातलं पाणी शहराने किती प्यायचं आणि दौंडच्या शेतकऱ्याला किती सोडायचं. त्सुदा नागातादाच्या गावाशी मैत्री केल्यावर हे प्रश्न विचारायला लाजायचं कशाला? शाश्वत विकासाच्या शिक्षणावरच्या युनेस्कोच्या जागतिक परिषदेच्या काही बैठका 2014 मध्ये ओकायामात झाल्या. तिथे गल्लीगल्लीतल्या कोमिंकानमध्ये, म्हणजे आपल्या समाजमंदिरासारख्या जागेत, आज्या आणि शाळकरी मुलं एकत्र बसून ओढ्यातल्या काजव्यांची नोंद ठेवतात. मी एका कोमिंकानमध्ये एक दुपार बसले होते. मला चहा दिला, वही दाखवली, आणि तुमच्या नदीत काय सापडतं असं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

शिक्षणाचं म्हणाल, तर मला या मैत्रीत सगळ्यात जास्त आस्था त्याचीच. चाकण-रांजणगावला जपानी कंपन्या आल्या, आणि पुण्यात जपानी शिकणं हा छंद राहिला नाही, पोटापाण्याचा मार्ग झाला. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण दुभाषे म्हणून लागलेत. जुलै आणि डिसेंबरच्या परीक्षांच्या आधी माझ्या घरात पाय ठेवायला जागा नसते. पण याच वाटेवर फसवणारेही उभे असतात. तो दौंडचा मुलगा चौथ्या पायरीची, म्हणजे खालून दुसरी, परीक्षा पास झाला आणि 'जपानमध्ये हमखास नोकरी' म्हणणाऱ्या एका एजंटाकडे गेला. पुणे आणि जपानचे करार आहेत, तुमचं काम त्यातूनच होईल, असं त्याला सांगण्यात आलं. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून पैसे भरले. सात महिने तारखा मिळाल्या, मग फोन लागायचा बंद झाला. निम्मे पैसे परत मिळवायला आम्हाला दीड वर्ष लागलं. म्हणून सगळ्या पालकांना हात जोडून सांगते: शहरांच्या मैत्रीतून कुणालाही नोकरीचं पत्र मिळत नसतं. कुणी तसं म्हणालं तर उठून या. संस्थेचं नाव, व्हिसाचा प्रकार, फीची पावती, हे हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

खरी देवाणघेवाण कशी होते त्याचं कोराकुएनमध्येच एक उदाहरण आहे. गुओ मोरुओ नावाचा चिनी तरुण 1915 च्या सुमारास ओकायामाला शिकायला होता. पुढे तो चीनमधला मोठा लेखक आणि विद्वान झाला. युद्धानंतर तो परत आला तेव्हा बागेतले क्रौंच पक्षी उरले नव्हते. त्याने 1956 मध्ये दोन पक्षी भेट पाठवले. आज बागेत पिंजऱ्यांशेजारून जाताना लोक लाल टोपीच्या त्या उंच पक्ष्यांचे फोटो काढतात. एका शहराने एका परक्या विद्यार्थ्याला तीन वर्षं नीट वागवलं, त्याची ही परतफेड.

म्हणून माझी एक मागणी आहे. दर वर्षी दौंड, भोर, वेल्ह्याकडची दहा मुलं तीन महिने ओकायामात राहावीत, आणि तिकडची दहा इथे. हॉटेलात नाही, घरांत. आणि दोन्हीकडचा एकेक माळी. कोराकुएनचा माळी पुण्यात पाऊस कसा कोसळतो ते बघेल. ओकायामाला ते 'लख्ख उन्हाचा प्रांत' म्हणतात, त्यांना आपला जुलै माहीत नाही.

आता जायचंच असेल तर. पुण्याची बाग सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन वेळांत उघडी असते, दुपारी बंद. रविवार आणि सुट्ट्या टाळा, संध्याकाळी सिंहगड रस्त्याच्या गर्दीचा हिशेब धरूनच निघा. तिकीट चहाच्या पैशांत येतं. खाऊ घरी ठेवा, माशांना काही टाकू नका. सप्टेंबर ते डिसेंबर हिरवळ सगळ्यात चांगली असते. लहान मुलं बरोबर असतील तर पुलावर जाऊन मासे मोजायला लावा, आणि तीनला सांबिकी म्हणा, सानहिकी नाही.

तो मुलगा आता चाकणला दुभाषा आहे. मागच्या वेळी मी ओकायामाला निघाले तेव्हा त्याने केडगावच्या गुऱ्हाळातली गुळाची ढेप आणून दिली. मी जिथे उतरते त्या घरातल्या आजींसाठी ती फोडून, सुती कापडात बांधून नेली. त्यांनी एक खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "कोकुतो?" म्हणजे ओकिनावाची काळी साखर. मी म्हटलं, नाही, आमच्या पाटाच्या पाण्यावरचा ऊस. मग त्यांनी आतून किबीदांगोचा डबा आणला. किबी म्हणजे आपल्या वरईच्या कुळातलं धान्य, त्याचं पीठ चिकट तांदळाच्या पिठात मिसळून केलेल्या पांढऱ्या मऊ गोळ्या. अर्धा डबा माझ्यासमोर उघडला आणि अर्धा बांधून दिला, गूळ पाठवणाऱ्या मुलासाठी.